गवताच्या सिनेमाची अकरा मिनिटं

तीर्थस्वरूप काकांना,

पुतणीचा नमस्कार, काकूंनाही त्यातलाच अर्धा. (तीर्थरूप फक्त जन्मदात्यांना लिहायचं, बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, ही दुरुस्ती बाबांनी आत्ताच माझ्या खांद्यावरून वाकून केली. सव्वीस वर्षांनी त्यांनी तुमच्या बाबतीत तोंड उघडलं आणि त्यातून शुद्धलेखन बाहेर पडलं. पण उघडलं, हे मी मोठं मानते.)

तुमची पाठ कशी आहे? काकूंनी कळवलं होतं की तुम्ही हल्ली नळाच्या कामाला जाऊन कुणाच्या सिंकखाली वाकलात की वर यायला मदत लागते, आणि मदत येईपर्यंत तिथूनच घरमालकिणीशी गप्पा मारत बसता. जपा. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे जिना चढताना बोलतात, उतरताना गप्प असतात. बाबांनी शिवणकामाचं दुकान बंद केलं तरी कात्रीला रोज धार लावतात. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, आणि तो खेळ येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना करून दाखवतात. परवा मीटर बघायला आलेल्या माणसालाही दाखवला. माझं कवळ्या बनवण्याचं काम बरं चाललंय. डॉक्टर साचे पाठवतात, मी दात बसवते. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात आणि रस्त्यात भेटली की मला ओळख देत नाहीत.

तर पत्रास कारण असं की, गवताचा सिनेमा आला. अख्खा. शेवटासकट.

आता तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण बाबांचं म्हणणं, दोन्ही बाजू एकदा एका कागदावर यायला हव्यात, म्हणून पहिल्यापासून लिहिते. सव्वीस वर्षांपूर्वी टीव्हीवर भर दुपारी एक जुना जपानी सिनेमा लागला होता. शाळेच्या गणवेशांचा हंगाम, बाबांना दुकान सोडता येईना, म्हणून त्यांनी व्हिडिओच्या यंत्राला वेळ लावून तो कॅसेटवर घेतला. तोवर त्यांनी असे चार-पाच सामुराई सिनेमे पाहिले होते आणि पार खुळावले होते. (तलवारींसाठी नव्हे. त्या माणसांच्या पायघोळ विजारींना पुढून किती चुण्या असतात आणि पळताना त्या पायात कशा येत नाहीत, हे त्यांना शोधून काढायचं होतं. मारामारी सुरू झाली की बाबा खुर्चीतून पुढे सरकायचे, आम्हाला वाटायचं थरार. ते चुण्या मोजत असायचे.) तो सिनेमा त्यांनी पुरवून पुरवून पाहिला. एका रविवारी निम्मा, दुसऱ्या रविवारी उरलेला, आणि अगदी शेवटी, दोघं तलवारबाज उंच गवतात समोरासमोर येऊन उभे राहिले तोच वीज गेली. बाबा म्हणाले, असू दे, शेवट पुढच्या रविवारी, चांगला शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून बघू.

मधल्या आठवड्यात तुम्ही टीव्हीवर आलात.

आपल्या घराण्यात टीव्हीवर आलेले तुम्ही पहिले आणि शेवटचे. घरगुती दुरुस्त्यांच्या कार्यक्रमात अकरा मिनिटं, विषय: गळका नळ. कार्यक्रम दुपारी चारचा, बाबा दुकानात. तुमच्याकडे यंत्र नव्हतं, म्हणून तुम्ही आमच्याकडे येऊन तो कॅसेटवर घेतलात. पुढच्या रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, समोरच्या बिऱ्हाडातल्या संगीत शिक्षिकेला बोलावलं, तुम्हीही आला होतात, मी खाली जमिनीवर होते. पडदे ओढले. गवत. वारा. दोघं उभे. एकाचा अंगठा तलवारीच्या मुठीकडे सरकायला लागला, आणि टायबिय लावून तुम्ही हजर: नमस्कार, गळणारा नळ म्हणजे घरातली मूक चोरी.

संगीत शिक्षिका हसली. तिने हसायला नको होतं असं मला आजही वाटतं. बाबा म्हणाले, "अकरा मिनिटं! तुझं तोंड बघायला!" आणि तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं, दादा. पण लागलंच आहे तर बघ ना." बाबांनी यंत्र बंद केलं. तुम्ही चप्पल घातलीत. महिन्याभरात तुम्ही दुसऱ्या गावी काम धरलंत, आणि त्यानंतर तुमची खुशाली काकू आईला कळवणार, आई मला सांगणार, आणि मी ती बाबा ऐकतील इतक्या मोठ्याने भिंतीला सांगणार, अशी पद्धत पडली. आई म्हणते, दोघं एकाच ताग्यातलं कापड. धुतलं तरी आटत नाही आणि ताणलं तरी सैल होत नाही.

पण काका, आता जे लिहिते ते तुम्हाला कोणी कधी सांगितलेलं नाही. ती कॅसेट आम्ही टाकली नाही. टीव्हीचे दोन-चार कार्यक्रम सोडले तर घरात दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून पुढची कितीतरी वर्षं दर रविवारी दुपारी मी गवताचा सिनेमाच लावायची. त्यातल्या माणसांची नावं आम्हाला धड कळत नसत (टीव्हीवरून घेताना चित्र खाली सरकलं होतं, त्यामुळे खालच्या अक्षरांचे फक्त शेंडे दिसायचे), म्हणून आम्ही घरचीच नावं ठेवली. नायकाला सिनेमाभर भाताचा वाडगा हातात मिळतो आणि खायला सुरुवात केली की कोणीतरी मारायला येतं, म्हणून तो उपाशीबुवा. त्याच्याबरोबर एकाच गुरूकडे शिकलेला आणि आता त्याच्याच जिवावर उठलेला दुसरा, तो स्वच्छ कपड्यांमुळे पांढरे. दोघं गवतात आले की बाबा उठून आतल्या खोलीत मशीनवर बसायचे. टीप घालायचा आवाज सुरू. इकडे तुमचा नळ सुरू. आणि नळ सुरू झाला की मशीन थांबायचं. अकरा मिनिटं थांबायचं. तुम्ही शेवटी "आणि वायसर नेहमी आपल्या खिशातच ठेवा" म्हणालात की पुन्हा टीप सुरू. हे मला बारा-तेरा वर्षांची असताना कळलं आणि मी कोणाला बोलले नाही, कारण कळलंय असं कळलं असतं तर बाबांनी मशीन थांबवणं थांबवलं असतं. तुमच्या कृपेने आमच्या घरात त्यानंतर एकही नळ टपकलेला नाही. मला नळातला रबरी वायसर बदलता येतो, आईला येतो, आणि संगीत शिक्षिकेच्या मोरीतला नळ एकदा बाबांनी बदलून दिला तेव्हा तिने विचारलं, कुठे शिकलात? बाबा म्हणाले, वाचनात आलं होतं.

शेवट मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. मी लहानपणी रोज झोपण्याआधी एक नवा शेवट लावून बघायची. उपाशीबुवा जिंकतो. पांढरे जिंकतो. दोघंही पडतात. गुरू येऊन दोघांच्या थोबाडीत देतो. मोठेपणी कमवायला लागल्यावर मी शोध सुरू केला. जुने सिनेमे धुऊनपुसून डिस्कवर काढणारी एक कंपनी आहे, तिला मी सिनेमाचं वर्णन लिहून पाठवलं (नाव माहीत नव्हतं, गवत, भात, एक मळका, एक स्वच्छ असं लिहिलं). तिथल्या एका बाईंनी नाव शोधून कळवलं आणि आपली विनंती नोंदवली आहे असंही लिहिलं. ते वाक्य त्यांनी मला सलग अकरा वर्षं पाठवलं. मी दर वर्षी नव्याने आशा धरायची आणि बाबा दर वर्षी मला त्यात अर्थ नाही म्हणून सांगायचे आणि टपालाची वेळ झाली की खिडकीत उभे राहायचे. यंदा बाईंनी दुसरं वाक्य लिहिलं. मूळ निगेटिव्ह एका गोदामात सापडली, भिजलेली होती, दोन वर्षं काम चाललं, आता ब्लू-रे निघतेय. बाबांना मी समजावलं की प्रत्येक चित्र वेगळं घेऊन त्यावरचे ओरखडे, डाग, बुरशी एकेक करून काढतात, फाटलेलं शेजारच्या चित्राच्या आधाराने भरून काढतात. बाबा म्हणाले, "म्हणजे रफू. तेही असं की उलट्या बाजूने दिसायला नको." मग विचारलं, किती चित्रं असतात? मी म्हटलं, दीड लाखावर. ते उठून हात धुऊन आले. कोणाच्या मोठ्या कामाबद्दल ऐकलं की ते असंच करतात.

पार्सल आलं. ब्लू-रेचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटांना दात कसे घासावेत ते दाखवायला जे आहे ते मी रविवारपुरतं मागून आणलं. बाबांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला. संगीत शिक्षिकेला बोलावलं. तीही आता काठी टेकत येते. पडदे ओढले आणि सिनेमा लावला. एक गोड चेहऱ्याची बाई चटईवर बसून लांब श्वास घेत होती. बाबा हळूच म्हणाले, प्रस्तावना असेल. बाईने पाय लांब केले. बाबा म्हणाले, जपानी लोक सुरुवात सावकाशच करतात. आठ मिनिटं आम्ही चौघं माना वाकवून, पूर्ण आदराने, गरोदरपणातले व्यायाम बघितले. कंपनीने डबीत भलतीच डिस्क घातली होती. संगीत शिक्षिकेचं म्हणणं पडलं की श्वासाचा तो प्रकार मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मी कंपनीच्या बाईंना लिहिलं. त्यांनी इतक्या वेळा माफी मागितली की मलाच त्यांना धीर द्यावा लागला. (त्यांनी असंही लिहिलं की म्हणजे कोण्या गरोदर बाईच्या घरी आत्ता सामुराई पोचला असेल. तिला काय वाटलं, हे विचारायची माझी फार इच्छा आहे.) तीन आठवड्यांनी खरी डिस्क आली आणि गेल्या रविवारी आम्ही तिसऱ्यांदा पडदे ओढले.

काका, कसं सांगू. आम्ही सव्वीस वर्षं जे गवत म्हणून बघत होतो ते राखाडी धुकं होतं. आता पातं न् पातं वेगळं दिसतं. पलीकडे नदी आहे! नदी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. किडे ओरडतात. उपाशीबुवाच्या वाडग्याला कडेला टवका उडालेला आहे. पांढरेची मागची एक दाढ सोन्याची आहे, तो ओरडतो तेव्हा दिसते, आणि काम सुबक आहे, हे मी धंद्यातली म्हणून सांगते. आणि बाबा! पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी सिनेमा थांबवायला लावला, चष्मा काढला, पडद्याला नाक लावलं आणि मोठ्याने मोजलं: पुढे पाच, मागे दोन. सात चुण्या. इतक्या वर्षांच्या मोजणीचा एकदाचा निकाल लागला. मग ते बघत राहिले ते उपाशीबुवाच्या उजव्या खांद्याकडे. तिथे एक ठिगळ आहे, आम्ही ते डाग समजत होतो. बाबा म्हणाले, "हे घाईत लावलंय. पुरुषाच्या हातचं आहे. आणि लावणाऱ्याला शिवण येत नव्हती, पण मनापासून लावलंय." हे त्यांना टाक्यांवरून कळलं.

मग गवत आलं. वारा आला. बाबा सवयीने उठले. आई म्हणाली, बसा. ते बसले. अंगठा मुठीकडे सरकला आणि त्यानंतर, काका, तुम्ही आला नाहीत. मला एक क्षण चुकल्यासारखं झालं.

शेवट असा आहे. दोघं लढतात. फार लढतात. पण शूरांसारखे नाही. धापा टाकतात, घसरतात, उपाशीबुवाची तलवार मोडते. पांढरे आपली उगारतो आणि तशीच धरून उभा राहतो. गवताखेरीज काही हलत नाही. मग तो तलवार खाली करतो, दोघंही मटकन खाली बसतात, आणि किती तरी वेळ फक्त श्वास ऐकू येतो. आणि पांढरे म्हणतो (या वेळी अक्षरं पूर्ण दिसत होती), "खांद्याची शिवण उसवली आहे. मी लावलं होतं ते टिकलं नाही." उपाशीबुवा खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "टिकलं. बरीच वर्षं टिकलं." संपलं.

नंतर नावांची यादी आली, आधी सिनेमा करणाऱ्यांची आणि मग तो दुरुस्त करणाऱ्यांची, आणि त्या दुसऱ्या यादीला बाबा उभे राहिले. एकही नाव त्यांना वाचता येईना, पण प्रत्येक नावाला मान हलवत होते. पडदा काळा झाल्यावर म्हणाले, "धाकट्याला पत्र लिही." मी म्हटलं, फोन करा की. तर म्हणाले, "फोनवर तो मला बोलू देत नाही." गेल्या सव्वीस वर्षांत तुमचा त्यांना एकही फोन आलेला नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तर काका, बाबांच्या वतीने, आणि अर्धं माझ्या वतीने: आम्ही तुमचे आभारी आहोत. तो शेवट मला नवव्या वर्षी मिळाला असता तर दोन माणसं गवतात दमून बसली एवढंच मला दिसलं असतं. तुम्ही मध्ये आलात म्हणून मला तो पस्तिसाव्या वर्षी, वडिलांच्या शेजारी बसून मिळाला. बाबांचं वाक्य वेगळं आहे, ते जसंच्या तसं लिहायला सांगितलंय: "त्याने नळ चांगला समजावला होता."

तुमची,
दातवाली पुतणी

ता. क. १: कॅसेट मात्र गेली. सिनेमा झाल्यावर बाबा म्हणाले, आता जुनी एकदा लावू, आणि जुन्या यंत्राने ती गिळली. ओढून काढली तेव्हा नेमका तुमचा भाग चुरगळून तुटला होता. बाबा तो तुकडा घेऊन तीन दुकानं फिरले. ज्यांनी भिजलेला सिनेमा सुधारला त्यांना धाकट्याची अकरा मिनिटं का जमू नयेत, असा त्यांचा सवाल. कंपनीच्या बाईंनाही त्यांनी मला विनंत्यांची यादी पाठवायला लावली आहे: आरंभापासून अखेरपर्यंत पाऊस न थांबणारा एक सिनेमा, म्हातारा छत्रीवाला सगळ्यांत तरबेज निघतो तो एक, आणि तिसऱ्या क्रमांकावर तुमचा नळ. बाईंनी आपली विनंती नोंदवली आहे असं कळवलं. म्हणून खरं मागणं हे, की तुम्ही स्वतःच या, तीच टाय लावून या, आणि आमच्या मोरीतल्या नळासमोर उभं राहून सगळं पुन्हा बोला. मी फोनवर टिपून घेते. नळ गळत नाहीये, पण त्याची व्यवस्था बाबा करणार आहेत. काकूंना आणाच.

ता. क. २: आईला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून कागद तिच्याकडे देते. ती मला खोलीबाहेर जायला सांगतेय.

भाऊजी, नमस्कार. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे कोरी कॅसेट मागितलीत. कोरी घरात नव्हती. हीच मी काढून दिली, शेवटी जागा उरलीय असं मी म्हणाले. पुढे पळवून बघितली तर दोन माणसं गवतात उभी. हलत नाहीत, बोलत नाहीत. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवून आले तरी तशीच उभी. मला वाटलं, संपला सिनेमा. इथून घ्या, असं मीच तुम्हाला सांगितलं. पुढच्या रविवारी ह्यांचा आवाज चढला तेव्हा तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि चुकलं माझं म्हणालात. त्यावर मी त्या दिवशी गप्प बसले, आणि मग रोज उद्या सांगू म्हणत राहिले. तुमचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही. आता ह्यांना सांगायचं आहे, पण एकटीला धीर होत नाही. तुम्ही शेजारी बसलात तर सांगेन, म्हणून या. आणि गेल्या रविवारी तो शेवट मी नीट बघितला. ते दोघं तसे उभे राहतात तिथे अजूनही मला संपल्यासारखंच वाटतं. हा तुकडा कापून टाका, जाऊबाईंनाही दाखवू नका. वर खडूने रेघ मारली आहे. रेघेखाली बोटभर सोडून कापा, पोरीचं तिथपर्यंत आलंय.